‘चालला’ म्हणजे ‘बरोबर’ नव्हे

प्रकल्प सादर करण्याचे दिवस जवळ आले की संगणक कक्षात एक शब्द वारंवार कानी पडतो. तो म्हणजे ‘चालला!’ या शब्दात आनंद असतो, सुटकेचा निःश्वास असतो आणि पुष्कळदा गुणांची खात्रीही असते. प्रोग्राम चालला, उत्तर पडद्यावर उमटले, प्राध्यापकांनी मान डोलावली. झाले, प्रकल्प पूर्ण! या शब्दावर आपण जो विश्वास टाकतो तो कितपत रास्त आहे, याविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शाखांच्या भिंती थोड्या खाली आल्या आहेत. इतिहास किंवा मराठी हा मुख्य विषय घेणारे विद्यार्थीही आज पायथॉनमध्ये छोटे प्रोग्राम लिहितात. शिवाय मी जे सांगणार आहे त्याचा संबंध संगणकापेक्षा पुराव्याशी अधिक आहे. आणि पुरावा म्हणजे काय, हा प्रश्न तर कला शाखेचा हक्काचा प्रश्न आहे.

वरून खाली एका ओळीने चालणारा प्रोग्राम स्वभावाने प्रामाणिक असतो. तीच माहिती दिली की तो तेच उत्तर देतो. चुकला तर प्रत्येक वेळी त्याच जागी चुकतो, त्यामुळे चूक सापडते. परंतु प्रोग्रामात एकाहून अधिक थ्रेड आले की हा प्रामाणिकपणा संपतो. थ्रेड म्हणजे धागा; एकाच प्रोग्रामात एकाच काळात चाललेला कामाचा स्वतंत्र प्रवाह. हे सारे प्रवाह संगणकाच्या त्याच स्मृतीत वावरतात, तीच माहिती वाचतात आणि बदलतात. कोणता प्रवाह कोणत्या क्षणी थांबवायचा आणि कोणता पुढे न्यायचा, हे प्रोग्राम लिहिणारा ठरवीत नाही. ते संगणकाची कार्यप्रणाली ठरविते, आणि दर वेळी निराळे ठरविते.

घरातले उदाहरण घेऊ. सुनेने डाळ चाखली, मीठ नव्हते, म्हणून ती मिठाचा डबा आणावयास वळली. तेवढ्यात सासूबाईंनी चाखली. त्यांनाही मीठ लागले नाही. दोघींनी मीठ टाकले आणि डाळ खारट झाली. येथे चुकले कोण? दोघींनीही आधी चाखले, मगच टाकले. एकेकीचे वागणे पाहिले तर निर्दोष आहे. दोष आहे तो चाखणे आणि टाकणे यांच्या मधल्या फटीत. थ्रेडच्या बहुतेक चुका या खारट डाळीसारख्या असतात. म्हणूनच प्रोग्रामची एकेक ओळ तपासून त्या सापडत नाहीत.

माझ्या एका मित्राचा प्रकल्प ग्रंथालयाच्या देवघेवीचा होता. दोन खिडक्या, प्रत्येक खिडकीसाठी एक थ्रेड, आणि पुस्तकांच्या शिल्लक प्रतींची एक सामायिक यादी. नियम साधा: प्रत शिल्लक आहे का ते पाहावे, असेल तर पुस्तक द्यावे आणि संख्या एकाने कमी करावी. सराव करताना हा प्रोग्राम उत्तम चालत असे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मात्र एका पुस्तकापुढे शिल्लक प्रती ‘उणे १’ अशा उमटल्या. त्याचे गुण गेले. तसेच नियम लिहिलेल्या इतर प्रकल्पांत त्या दिवशी तसे काही झाले नाही, आणि त्यांना पूर्ण गुण मिळाले. परीक्षकांना मी दोष देत नाही. पडद्यावर जे दिसले त्यास त्यांनी गुण दिले. पण पडद्यावर जे दिसले ते कौशल्य होते की नशीब, हे त्या पद्धतीने कळण्यास मार्गच नव्हता.

नेमके काय घडले ते कागदावर मांडून पाहता येते. एका पुस्तकाची एकच प्रत शिल्लक आहे. पहिल्या खिडकीने संख्या पाहिली: १. तिने पुस्तक देण्याचे ठरविले, पण वजाबाकी करण्यापूर्वीच तिला थांबविण्यात आले. दुसऱ्या खिडकीने पाहिले: अजून १ च. तिनेही पुस्तक दिले आणि संख्या शून्य केली. मग पहिली जागी झाली आणि तिने शून्यातून एक वजा केला. आले उणे १. आता याहून वाईट क्रम पाहा. वजाबाकी हीसुद्धा आतून तीन पायऱ्यांची असते: जुना आकडा वाचणे, त्यातून एक कमी करणे, नवा आकडा लिहिणे. दोन्ही खिडक्यांनी १ वाचला, दोघींनी मनात शून्य काढले आणि दोघींनी शून्य लिहिले. पुस्तक दोघांना दिले गेले आणि नोंद मात्र स्वच्छ! उणे १ ही बोलकी चूक आहे. हे शून्य मुकी चूक आहे. माझ्या मित्राची चूक बोलली म्हणून त्याचे गुण गेले. ज्यांची चूक मुकी राहिली ते सुटले.

अशी चूक एकदा दिसून नाहीशी झाली की आपण काय करतो? पुन्हा चालवून पाहतो. दहा वेळा बरोबर आले की अकराव्या वेळेचा विचार सोडून देतो. काही जण मध्ये मध्ये छापण्याच्या आज्ञा घालतात, आणि गंमत अशी की त्या घातल्यावर चूक बरेचदा दिसेनाशी होते. कारण छापण्यास वेळ लागतो आणि थ्रेडचा सगळा मेळ बदलतो. पाहावयास गेले की लपणाऱ्या अशा चुकांना भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या नावावरून विनोदाने ‘हायझेनबग’ म्हणतात. तिसरा उपाय सर्वांत लोकप्रिय: ‘स्लीप’ची आज्ञा घालून एका थ्रेडला थोडे झोपवून ठेवणे. चूक थांबते, प्रकल्प सादर होतो. पण फट तेथेच असते. दुसरा संगणक, थोडे अधिक काम, की ती पुन्हा उघडते.

माझ्या मते ‘स्लीप’चा खरा उपयोग अगदी उलट आहे. ती औषध म्हणून न वापरता भिंग म्हणून वापरावी. शिल्लक पाहणे आणि वजाबाकी करणे यांच्या बरोबर मधे अर्ध्या सेकंदाची झोप घाला. जी फट निमिषापेक्षा लहान होती ती आता दरवाजाएवढी होईल आणि महिन्यातून एकदा येणारी चूक जवळजवळ दर वेळी येईल. हवी तेव्हा आणता येणारी चूक ही अर्धी सुटलेली चूक होय. दुरुस्ती केल्यावर ती झोप तशीच ठेवून प्रोग्राम चालवावा. तरीही चूक आली नाही, तर दुरुस्तीवर थोडा विश्वास ठेवण्यास हरकत नाही. मग झोप काढून टाकावी.

हा नुसता वर्गातला प्रश्न आहे असे कुणी समजू नये. कर्करोगावर किरणोपचार करणारे थेरॅक-२५ नावाचे यंत्र अमेरिका आणि कॅनडात वापरात होते. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्याकडून सहा अपघात झाले. रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण मिळाले आणि त्यांतले काही दगावले. १९८६ साली टेक्सासमधील टायलर येथे झालेल्या अपघातांमागे हाच, एकाच काळात चालणाऱ्या कामांचा दोष होता. यंत्र चालविणाऱ्या बाईंनी आधी दिलेली सूचना चटकन दुरुस्त केली, तर पडद्यावर दुरुस्ती दिसे, पण आत चाललेल्या दुसऱ्या कामापर्यंत ती पोहोचत नसे. सुमारे आठ सेकंदांच्या आत दुरुस्ती झाली तरच हे घडे. त्यामुळे सावकाश चाचणी करणाऱ्यांना काहीच सापडेना. अखेर त्या रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञ आणि त्या चालक बाई यांनी तीच माहिती पुन्हा पुन्हा, वेग वाढवीत भरून पाहिली. चूक हवी तेव्हा आणता येऊ लागली, तेव्हाच कारण उघडे पडले. त्यापूर्वीच्या थेरॅक-२० या यंत्राच्या प्रोग्राममध्येही तसाच दोष होता. तेथे वेगळी यांत्रिक सुरक्षा असल्यामुळे तो कुणाच्या जिवावर बेतला नाही. म्हणजे तो प्रोग्राम ‘चालत’ होता. बरोबर मात्र नव्हता.

मग खात्रीचा उपाय कोणता? तो समजावून घेण्यासाठी नरडाण्याच्या माणसाला दूर जावे लागत नाही. सुरत-जळगाव हा आपला रेल्वेमार्ग कितीतरी वर्षे एकेरी होता. एकाच रुळावरून जाणारी गाडी आणि येणारी गाडी, दोन्ही धावत. अशा एकेरी मार्गांसाठी भारतीय रेल्वेने वापरलेली एक जुनी पद्धत म्हणजे नील यांचे बॉल टोकन यंत्र. लागोपाठच्या दोन स्थानकांवर एकेक यंत्र असते आणि दोन्ही तारेने जोडलेली असतात. दोन्ही स्टेशन मास्तरांची संमती झाली की एका यंत्रातून एकच गोळा बाहेर पडतो. तो गोळा हाती आल्याशिवाय चालक त्या टप्प्यात गाडी नेत नाही. आणि तो गोळा दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा बाहेर येत नाही. येथे ‘जपून चालवा, समोरून गाडी येईल’ असे चालकाला सांगून भागविलेले नाही. दोन गाड्या एका टप्प्यात जाऊच नयेत, अशी रचना केली आहे.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६० नंतरच्या दशकात हाच प्रश्न संगणकाच्या बाबतीत सोडविला, आणि त्यासाठी सुचविलेल्या साधनाला त्यांनी रेल्वेचेच नाव दिले: सेमाफोर, म्हणजे हात वर-खाली होणारा सिग्नल. नवशिक्या प्रोग्राममध्ये आपण ज्याला ‘लॉक’ म्हणतो तो त्याचाच साधा भाऊबंद. ज्याच्याकडे लॉक, तोच थ्रेड पुढे जाईल, बाकीच्यांनी थांबावे.

पण लॉक हा शब्द लिहिला म्हणजे काम झाले असे नाही. काही जण प्रत्येक थ्रेडमध्ये स्वतंत्र लॉक तयार करतात. हे म्हणजे दोन स्थानकांवर यंत्रे बसवून मधली तार न जोडण्यासारखे आहे. दोन्ही खिडक्यांसाठी लॉक एकच हवा. काही जण फक्त वजाबाकीभोवती लॉक लावतात आणि शिल्लक पाहण्याची ओळ बाहेर ठेवतात. मग फट तशीच राहते. पाहणे आणि बदलणे हे दोन्ही एकाच लॉकच्या आत हवे. काही जण देण्याच्या खिडकीला लॉक लावतात, परत घेण्याच्या खिडकीला विसरतात. लॉक हा पोलीस नव्हे. जो थ्रेड तो मागतच नाही त्याला तो अडवीत नाही. आणखी काही जण लॉक हाती धरून वापरणाऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसतात. तेवढा वेळ बाकी सर्व खोळंबतात.

लॉक दोन झाले की नवाच घोटाळा संभवतो. देण्याची खिडकी आधी पुस्तकांचा लॉक घेते, मग सभासदांचा मागते. परत घेण्याची खिडकी आधी सभासदांचा घेते, मग पुस्तकांचा मागते. दोघींच्या हाती एकेक आहे आणि दोघी दुसरीची वाट पाहत आहेत. प्रोग्राम कोणतीही चूक न दाखवता गप्प उभा राहतो. याला डेडलॉक म्हणतात. अशा वेळी प्रत्येक थ्रेडने लॉक मागण्यापूर्वी आणि मिळाल्यावर आपले नाव छापावे. शेवटच्या दोन-चार ओळी पाहिल्या की कोण कोणासाठी अडले ते कळते. पायथॉनमध्ये ‘फॉल्टहँडलर’ नावाची सोय आहे. ठरावीक वेळाने प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर उभा आहे ते ती दाखविते. उपाय मात्र साधा आहे: लॉक नेहमी एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यावेत.

मोठमोठ्यांनाही हे चुकत नाही. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान काही दिवसांनी आपोआप पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागले. कमी महत्त्वाच्या हवामानविषयक कामाने एक लॉक धरला होता. अति महत्त्वाचे काम त्यासाठी थांबले होते. आणि मध्यम महत्त्वाची कामे त्या पहिल्या कामाला पुढे सरकूच देत नव्हती. अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच यंत्रणेत, घटनांची क्रमवार नोंद ठेवीत, ती चूक घडवून आणली, कारण शोधले आणि दुरुस्ती मंगळावर पाठविली. आपल्या प्रकल्पात आणि त्या यानात अंतर अफाट आहे. पण नोंद ठेवणे, चूक मुद्दाम घडविणे आणि मगच दुरुस्त करणे, ही वाट तीच आहे.

आणि कित्येकदा सर्वांत उत्तम उपाय म्हणजे सामायिक वस्तूच ठेवू नये. खिडक्या दोन असोत, पण नोंदवही एकाच लेखनिकाच्या हाती द्यावी. खिडक्यांनी चिठ्ठ्या रांगेत टाकाव्यात आणि त्या एकाने क्रमाने निकालात काढाव्यात. पायथॉनमधील ‘क्यू’ हेच काम करते. आपल्या मार्गाचे दुहेरीकरण झाले आणि १६ फेब्रुवारी २०१९ रोजी ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. तेव्हा जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांचा समोरासमोरचा प्रश्न असाच, रूळ वेगळे करून सुटला. तरीही एकामागून एक धावणाऱ्या गाड्यांसाठी नियम उरतोच. त्याच दिवशी धुळे-नरडाणा मार्गाची कोनशिला बसविण्यात आली. तो मार्ग येथे येऊन मिळेल तेव्हा रूळ पुन्हा सामायिक होतील आणि नियम पुन्हा कडक करावा लागेल. जेथे वाटा मिळतात तेथेच दक्षता हवी, हे रेल्वे जाणते. आपणही प्रोग्राम लिहिताना ते जाणले पाहिजे.

‘चालला’ या शब्दावर विसंबू नये याचा आणखी एक पुरावा देतो. दोन थ्रेडनी एकाच आकड्यात लाखो वेळा एकेक मिळवायचा, हा शिकविण्याचा जुना प्रयोग आहे. पायथॉनच्या जुन्या आवृत्तींत बेरीज कमी भरे आणि विद्यार्थ्यांना दोष डोळ्यांनी दिसे. ३.१० या आवृत्तीपासून आतील रचना बदलली आणि तोच प्रोग्राम सहसा बरोबर उत्तर देऊ लागला. पण भाषेने तशी हमी कोठेही दिलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत थ्रेड खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालतील असा प्रायोगिक पर्यायही आला. त्यात हा झाकलेला दोष पुन्हा उघडा पडू शकतो. प्रोग्राममधील एक अक्षरही न बदलता तो चूक, मग बरोबर, मग पुन्हा चूक ठरतो! मग तो मुळात बरोबर होता असे कसे म्हणावे?

म्हणून माझे प्राध्यापकवर्गाला नम्र सांगणे आहे की, थ्रेड वापरलेल्या प्रकल्पाचे गुण केवळ पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकावर ठरू नयेत. तोंडी परीक्षेत तीन प्रश्न विचारावेत. तुझ्या प्रोग्रामात सामायिक वस्तू कोणती? तिला राखतो कोण? आणि राखण काढून टाकली तर कोणत्या क्रमाने ती बिघडेल, ते कागदावर मांडून दाखव. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याने दिले त्याला विषय कळला. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चालणारा प्रोग्राम क्षणात मिळतो, आणि त्यात लॉकही असतो. पण तो लॉक तेथेच का, हे सांगणे ज्याचे त्यालाच करावे लागते.

यावर कुणी म्हणेल की नवशिक्यांवर एवढा भार कशाला. आधी चालल्याचा आनंद तरी घेऊ द्या. आनंद जरूर घ्यावा. पण नवशिकेपणी जी सवय लागते तीच पुढे नोकरीत जाते. आज ग्रंथालयाचे एक पुस्तक दोघांना जाईल. उद्या त्याच हातांनी बँकेच्या खात्याचा किंवा रुग्णालयाच्या यंत्राचा प्रोग्राम लिहिला जाईल. कुणी असेही म्हणेल की विद्यार्थी फार आणि वेळ थोडा. हे खरे आहे. परंतु एक पानभर मांडणी वाचण्यास प्रात्यक्षिकापेक्षा अधिक वेळ लागणार नाही.

या पद्धतीत न्यायही अधिक आहे. आमच्यापैकी कित्येकांच्या घरात कॉलेजात येणारे आम्ही पहिलेच. घरी संगणक नाही. आठवड्यातील ठरावीक तासांतच तो हाताला लागतो. ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे तो प्रोग्राम हजार वेळा चालवून पाहील. आम्हांला ते शक्य नाही. पण दोन थ्रेडसाठी वहीच्या पानावर दोन उभे रकाने पाडून, एकेक पायरी मागेपुढे करून, सर्वांत वाईट क्रम कोणता हे शोधणे कुणालाही शक्य आहे. त्याला वीज लागत नाही. आणि हजार वेळा चालवून जे सिद्ध होत नाही ते त्या एका पानावर सिद्ध होऊ शकते. चाचणीने चूक असल्याचे दाखविता येते, नसल्याचे दाखविता येत नाही, असे डायक्स्ट्रा यांचेही मत होते.

तेव्हा मित्रहो, यापुढे कुणी ‘चालला!’ असे म्हणाले तर त्याचे अभिनंदन अवश्य करा आणि लगेच विचारा, ‘न चालण्यासारखे त्यात काय आहे, ते पाहिलेस का?’ सुरुवातीला हा प्रश्न खवचट वाटेल. पण ज्याच्या वहीत त्याचे उत्तर असेल, त्याच्याच प्रोग्रामवर मी माझ्या घरच्या माणसाचे औषधपाणी निर्धास्तपणे सोपवीन.